पाणी उतरल्यावर पाहिलेलं घर

समुद्रासमोर घर घ्यायचं मनात असेल तर एजंट, वकील आणि वास्तुतज्ज्ञ या तिघांच्या आधी सासूबाईंना गाडीत बसवावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. शाळेची पायरी त्या चढलेल्या नाहीत. पण मी दोन वर्षं वही घेऊन हिंडून जे पाहू शकलो नाही, ते त्यांनी तीन दिवसांत पाहिलं. त्या तीन दिवसांबद्दल लिहितो आहे ते थोडंफार घराबद्दल असेल, बाकी सगळं त्यांच्याबद्दल. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं वय आता गेलं.

मी मूळचा कऱ्हाडचा. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत नोकरी संपवली आणि खांदेश्वरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बायको वैशाली शिरवण्याची, म्हणजे नेरूळ वसायच्या आधीपासून जे गाव तिथं आहे तिथली. तिची आई हिराबाई. अजूनही शिरवण्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरून पडल्या आणि दोन तास कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून वैशालीच्या डोळ्याला डोळा लागेना. आईला खांदेश्वरला आणलं, तर चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"सहाव्या माल्यावर कवुतरांनी रहावा. मानसानं नाय," एवढं बोलून त्या लिफ्टकडे निघाल्या.

मला समुद्रासमोरच्या घराची हौस तरुणपणापासून. निवृत्त झाल्यावर मी ती बोलून दाखवली. वैशालीनं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "आई येऊन राहणार असेल तर घर. ती नाही म्हणाली तर तुमचा समुद्र तुमच्यापाशी."

म्हणून हा प्रवास. माझ्या वहीत तीन घरं निवडून ठेवलेली होती. प्रत्येकापुढे हवा, पाणी, दवाखाना, पार्किंग आणि दृश्य असे रकाने होते. स्टोअरमधला माणूस रकान्यांशिवाय विचार करू शकत नाही. माघातले दिवस होते, हवा छान होती. शिरवण्याहून सासूबाईंना घेतलं तर त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी जड होतं.

"काय आहे आई यात?"

"मोरली."

मोरली म्हणजे मासे कापायची उभी विळी, आपल्या घरातल्या विळीची थोरली बहीण. घर बघायला जाताना विळी कशाला, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. वैशालीनं आरशातून डोळे मोठे केले, मग मी गाडी सुरू केली.

त्रयोदशी: अलिबागच्या अलीकडे

हे मथळे तिथ्यांचे आहेत, कारण त्या तीन दिवसांत वार कुठला हे आम्हाला कुणालाच आठवत नव्हतं. सासूबाई मात्र दर सकाळी गाडीत बसल्यावर बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून काहीतरी मोजत. मला वाटलं जप करतात.

वडखळ ओलांडताना मी त्यांना माझी पद्धत सांगितली. आमच्या आईची शिकवण अशी की नवी वास्तू पौर्णिमेला पाहावी आणि दुपारी बाराचा अभिजित मुहूर्त सोडू नये. त्यामुळे तिन्ही घरं मी वेगवेगळ्या पौर्णिमांना, बरोबर बारा वाजता पाहिली होती. करंज्याचं घर तर तीनदा. तिथं बाराच्या ठोक्याला पाणी पायरीला लागलेलं असतं, असं मी मोठ्या कौतुकानं म्हणालो.

मागच्या सीटवरून सासूबाई पुढे झुकल्या. मग त्या म्हणाल्या, "पुनवंला बारा वाजता गेलाव?"

"हो."

"तिन्ही टायमाला?"

"हो आई. का?"

"काय नाय. करंज्याला पन पुनवंलाच जाव. पन बाराला जाव न् सांजपर्यंत बसाव." त्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या, हे मला आरशात दिसलं, पण कळलं काहीच नाही.

अलिबागच्या अलीकडचं पहिलं घर एका मोठ्या संकुलात होतं. माडांच्या रांगा, कापलेलं गवत, आणि पुढे खरोखर समुद्र. मी पाचही रकान्यांत पैकीच्या पैकी गुण दिले होते. सासूबाईंनी घरात पाऊलही टाकलं नाही. त्या संकुलातल्या रस्त्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. सगळ्या बंगल्यांना कुलपं होती. माळी आणि वॉचमन सोडून कुणी नव्हतं.

"ही मानसं कवा येतान?"

"शनिवार-रविवारी," वॉचमन म्हणाला.

"आन् मंगलवारी कोन मेला त चार खांदे कुठशी आनायचे?"

वॉचमननं माझ्याकडे बघितलं, मी वहीत बघितलं. तसा रकाना माझ्याकडे नव्हता. आमच्या कऱ्हाडात गल्लीत कुणी गेलं तर घरातल्या माणसाला चपला शोधायलाही वेळ मिळत नाही, एवढी माणसं जमतात, आणि ही गोष्ट मी इतकी गृहीत धरली होती की ती वहीत लिहायची असते हे माझ्या लक्षात आलं नाही. मी त्या घरावर काट मारली. पेन थोडं जोरातच ओढलं गेलं, कबूल करतो.

चतुर्दशी: रेवदंडा

दुसरं घर पाहण्याआधी सासूबाई म्हणाल्या, आधी बाजार. एजंट वाट बघत होता, तरी त्या बाजारात अर्धा तास रमल्या. मासळी विकणाऱ्या बायकांच्या रांगेसमोरून त्या चालत गेल्या तेव्हा मला आमच्या कारखान्यातले तपासनीस आठवले. कुठे एखाद्या सुरमईचा कल्ला उचलून बघितला, कुठे बांगड्याच्या पोटावर बोट दाबलं. एका बाईनं ते बोट बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काय गो, तू पन विकतंस काय?"

"चालीस वर्सां. नेरूलच्या नाक्यावर बसाची."

ती बाई सरकून बसली आणि पाटाचा अर्धा भाग सासूबाईंना दिला. दोघी शेजारी बसून बर्फ महाग झाल्याबद्दल बोलू लागल्या. मी पिशवी धरून उभा होतो. त्या बाईनं मान वर करून विचारलं, "न् हे कोन?"

"माजा जावय. तलोज्याला मोठा साहेब व्हता." हे सांगताना त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून माझी मान खाली गेली.

कारण सांगायला हवं. आमच्या लग्नात कऱ्हाडच्या पाहुण्यांनी वडिलांना विचारलं होतं, मुलीकडची मंडळी काय करतात. वडील म्हणाले, "त्यांचा व्यापार आहे." कसला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी शेजारी उभा असून सांगितलं नाही. सासूबाई दोन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. आणि आज भर बाजारात त्या माझी ओळख छाती भरून करून देत होत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती रेवदंड्याच्या उन्हात बराच वेळ टिकली.

घर खाडीच्या काठावर होतं, कौलारू, देखणं, नुकतंच रंगवलेलं. सासूबाई मागच्या भिंतीपाशी गेल्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर नख लावून त्यांनी रंग खरवडला. पोपडा निघाला आणि आतून पांढरी पूड सांडली. तीच पूड त्यांनी जिभेवर ठेवून पाहिली.

"मीठ हाय. आषाढाच्या उधानाला पानी घरात येतं. रंग वरशी मारलाय."

एजंट म्हणाला असं कधी होत नाही. मग मालकीणबाईच आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "होतं. दोन वर्षांतून एकदा होतं. आम्ही सामान पलंगावर ठेवतो." खरं बोलणारी बाई होती. तिनं आम्हाला चहा दिला, जाताना कोकमं दिली, आणि सासूबाईंनी तिला सांगितलं की रंग काढून आधी चुना मार. मी दुसऱ्या घरावर काट मारली. आता वहीत एकच घर उरलं होतं, आणि घरी परतताना वैशाली पुन्हा पुन्हा आईकडे बघत होती. ती काय विचार करत होती ते मला माहीत होतं. आईनं तिसऱ्यालाही नाही म्हटलं की ती शिरवण्याच्या त्या मोरीत परत जाणार होती.

पौर्णिमा: करंजा

उरणच्या पुढे करंजा. आता त्यालाही नवी मुंबईतच धरतात. गावाच्या कडेला सात-आठ बैठी घरं एका रांगेत, त्यांतलं शेवटचं आमचं, म्हणजे मी मनातल्या मनात केव्हाच आमचं म्हणू लागलो होतो. पुढे छोटं अंगण, मागे उघडा ओटा, ओट्यावर नळ, तिथून चार दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांना टेकलेलं पाणी. आम्ही पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. पाणी तिसऱ्या पायरीवर हलत होतं. पलीकडच्या डोंगरांचं प्रतिबिंब त्यात पडलं होतं. मी वैशालीकडे असं बघितलं की जणू हे सगळं मीच मागवून घेतलं आहे.

एजंटचं नाव सुयोग. इथलाच, बोलका माणूस. "सर, तुमी एकदम टेन्शन फ्री राहा. व्ह्यू परमनंट आहे. समोर कोण टॉवर बांधू शकत नाही."

"पानी पन परमनंट हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

सुयोग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "या कोण, सर?"

"सासूबाई," मी म्हणालो. त्यापुढे आणखी काही बोलायचं होतं, ते राहिलं.

ओट्यावर चटई टाकून आम्ही बसलो. वैशालीनं तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि कालची कोकमं घालून केलेलं सार आणलं होतं. जेवणं झाली. सुयोगला दुसरी गिऱ्हाइकं होती, तरी सासूबाई हलेनात म्हणून तोही बसला. एक वाजता खालची पायरी दिसली. दोन वाजता पायऱ्यांखालचे दगड दिसले. तीनला पाणी तिवरांच्या मुळांच्याही मागे सरकलं आणि मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं.

आमची कृष्णा एकदा भरली की आठ-आठ दिवस तशीच असते, आणि उन्हाळ्यात आटली की पावसाळ्यापर्यंत आटलेली. पाण्याची पातळी ही ऋतूची गोष्ट, दुपारची नव्हे, असं माझ्या हाडात बसलेलं. समुद्राला भरती-ओहोटी असते हे शाळेत शिकलो होतो, मार्कंही मिळवली होती. पण पौर्णिमेला बाराला भरती असणारच, दर पौर्णिमेला, हा हिशेब कुणी शिकवला नव्हता. तो सासूबाईंनी तेव्हा बोटांच्या पेरांवर करून दाखवला. पुनवेला बाराला भरती, मग रोज तिथीमागे पाऊण तास पुढे. अष्टमीला सहाला. सकाळी त्या जप करत नव्हत्या, पाणी मोजत होत्या. आणि मी माझ्या शुभ मुहूर्तावर दर वेळी नेमका तुडुंब समुद्र बघून येत होतो.

पाच वाजता समुद्र नव्हताच. जिथवर नजर जाईल तिथवर करडा, चमकता चिखल. त्यात एक होडी कुशीवर पडलेली. वास आला तो मी लिहीत नाही. सुयोग म्हणाला, "सर, हे टेम्पररी आहे," आणि नाकाला रुमाल लावला.

मी वही मिटली. दोन वर्षांचं स्वप्न माझ्यासमोर उघडं पडलं होतं आणि त्याला चिखल लागला होता. "चला आई," मी म्हणालो, "चुकलंच माझं. निघू."

पण सासूबाई पायऱ्या उतरत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर त्यांनी नऊवारीचा काचा वर खोचला, वाकून चिखल हातात घेतला, बोटांत चोळला, हुंगला. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की वैशालीनं माझा हात घट्ट धरला.

"जावय, इकरं या. ही भोकं बघा. जित्ता चिखल हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच चिखलभर बारीक बारीक भोकं होती, आणि त्यांतून काहीतरी आत-बाहेर करत होतं. निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. "पानी आलेलं समद्यांना बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "गेल्यावर काय ठेवून जातं ता बघाचा असतं. शिरवन्याला आता कायच ठेवून जात नाय." शिरवण्याची खाडी भराव टाकून कधीच लांब गेली होती. त्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा चिखलाकडे वळल्या.

दूरवर सात-आठ बायका वाकून खुबे काढत होत्या. खुबे म्हणजे चिखलात रुतलेले शिंपले. मला वाटलं सासूबाई सरळ चालत जातील. त्या गेल्या नाहीत. पायरीवरच उभ्या राहून त्यांनी हाक दिली. दुसऱ्या गावाच्या खाजणात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, विचारल्याशिवाय हात घालायचा नाही, ही त्यांची रीत. आमच्याकडे दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी शेंदायच्या आधी हाक देतात, तसंच.

"खाजन कोनाचा गो?"

"आमचा. तू कोन?"

"शिरवन्याची हिरा. पाय टाकू का?"

बायकांत थोडी बोलाचाली झाली. मग एक धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "टाक गो आय. पन आथा पानी परत फिरंल, बेगीन ये."

त्या निघाल्या. सत्तरीची बाई, पावसाळ्यात मोरीत घसरून पडलेली, त्या चिखलात अशी चालत गेली की जणू अंगण सारवलेलं आहे. मी मागे धावलो. त्या पडल्या तर कोण धरणार, ही काळजी होती. मी काळ्या मातीतला माणूस, चिखल मला नवीन नाही, असं म्हणत पँट दुमडली आणि सहाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय ओढला तर बूट आत राहिला. दुसरा ओढला तर बसलोच. बायका हातातलं काम टाकून हसल्या.

"जोर लावू नुको, दादा. टाच आरवी कर, मंग वर ये," ती धिप्पाड बाई म्हणाली. मी टाच आडवी केली, तोवर सासूबाई परत आल्या, त्यांनी मला हात दिला आणि बाहेर काढलं. म्हणजे पडलो मी, धरलं त्यांनी.

"तुमचा कोन हा?" बाईनं विचारलं.

या वेळी सासूबाईंच्या आधी मी बोललो. मोठ्यानं बोललो, काठावरच्या सुयोगलाही ऐकू जाईल असं. "मी यांचा जावई. यांनी चाळीस वर्षं नेरूळच्या नाक्यावर मासळी विकली. त्यांच्यासाठी घर बघायला आलोय." माझ्या अंगावर चिखल होता, एका पायात बूट नव्हता, पण आयुष्यात इतका ताठ मी क्वचितच उभा राहिलो असेन. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या मांडवात ऐकलेलं त्यांना आठवलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी नुसतं माझ्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला आणि खुबे काढायला वाकल्या.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा पदरभर खुबे घेऊन त्या ओट्यावर आल्या. नळाखाली पाय धुतले. "वैशू, माजी मोरली आन."

सुतळी सुटली, वर्तमानपत्र सुटलं. त्यांनी मोरली ओट्याच्या मधोमध ठेवली, बसून पाहिलं, उठल्या. भिंतीजवळ ठेवली, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा दाराच्या उजव्या अंगाला ठेवली. तिथे डावीकडून उजेड येत होता आणि मान वर केली की खाजणातल्या बायका दिसत होत्या. तिथं त्या बसल्या आणि एकेक खुबा पात्यावर उघडू लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवस ती मोरली त्या कापायला नव्हे, तिला जागा बघायला घेऊन हिंडत होत्या. आधीच्या दोन्ही घरांत ती गाडीतून खालीही उतरली नव्हती.

काम संपल्यावर त्यांनी मोरली धुतली आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यात उभी केली. आम्ही चटई गुंडाळली, डबे भरले. निघताना वैशाली म्हणाली, "आई, मोरली राहिली."

"राहू दे. परत परत कोन आननार."

वैशाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सुयोग हळूच म्हणाला, "सर, पण अजून कागद झाले नाहीत." मी म्हणालो, "कागद उद्या. घर झालं."

कागद झाले. चैत्रात आम्ही राहायला आलो. माझ्या वहीत आता एकच पान कामाचं आहे, त्यावर तिथ्या आणि पाण्याच्या वेळा आहेत, सासूबाईंनी सांगितलेल्या. गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला.

"पौर्णिमेला येतो रे सगळे. बाराच्या मुहूर्तावर पोचतो, तुझा समुद्र बघायला."

"पौर्णिमेलाच ये," मी म्हणालो. "पण बाराला नको, दादा. सहाला ये."

"सहाला काय असतं?"

"पाणी नसतं. माझ्या सासूबाई चिखलात असतात, त्या दाखवायच्या आहेत तुला."